दुधी मोटारीचा उजवा हात

शालूबाई दारात येऊन उभी राहिली, तेव्हा यशवंत सरनोबत दाढी करत होता आणि आण्णा पोवार त्याच्या वाटणीचा चहा पीत होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आण्णा रोज सकाळी शिवाजी पेठेतल्या या माडीवर हजर असत. गुन्हेगार शोधणं हा सरनोबतचा धंदा होता, आणि भलताच गुन्हेगार पकडणं हा आण्णांचा छंद.

“सायेब, येत्या सोमवारी कोर्ट हाय,” ती म्हणाली. “माझ्या मालकाला तुरुंगात घालत्यात. त्यो खोटं बोलत न्हाई, एवढं दाखवून द्या.”

तिचा नवरा ज्ञानू पंधरा वर्षं माधवराव देसाई वकिलांचा ड्रायव्हर होता. परवा सोमवारी पहाटे सहाला तो दुधी रंगाची मोटार घेऊन पाहुण्यांना आणायला निघाला आणि गंगावेशीच्या चौकात उजवीकडे वळला. मागून सायकलवर येणारा गुंडू गवळी मोटारीवर आदळला. त्याचा पाय मोडला. मोटारीचा हात बाहेर आलाच नव्हता, असं गुंडूनं दवाखान्यात सांगितलं.

त्या काळातल्या विलायती मोटारींना दोन्ही बाजूंना दाराच्या मागच्या खांबात वीतभर लांबीचा हात असे. बटण दाबलं की तो बाहेर पडे आणि मोटार कुठे वळणार ते मागच्याला कळे. फौजदारांनी त्याच दुपारी उन्हात पंचांसमोर दहा वेळा बटण दाबलं. दहाही वेळा हात बाहेर आला. म्हणजे ड्रायव्हरनं बटण दाबलंच नव्हतं, असा सरळ हिशेब झाला.

आण्णांनाही तो हिशेब पटला. पण शालूबाईचा चेहरा पाहून त्यांनी चपला पायात सरकवल्या.

देसाईंच्या अंगणात ज्ञानू मोटारीपासून लांब उभा होता, जणू ती चावणार होती. परवाना फौजदारांनी काढून घेतलेला.

“दाबलं की बटण,” तो म्हणाला. “कट असा आवाजबी आला. हात माझ्या पाठीमागं असतोय, मला दिसत न्हाई. थंडी मरणाची होती म्हणून काच वर होती. न्हाईतर मी माझा हातबी काढतोय.”

सरनोबतनं खांबाची खाच न्याहाळली. खाचेच्या कडेला हिरवट डाग होता. त्यानं तो नखानं खरवडला, बोटांत चोळला आणि हुंगला. आण्णांनीही हुंगून पाहिलं. त्यांना तपकिरीखेरीज कसलाच वास येत नसे.

मोटार दुरुस्त करणारा आकाराम मिस्त्री बोलावल्यावर आला, तो चिडूनच. उजवा हात चिकटतोय हे त्यानं दिवाळीतच देसाई साहेबांच्या कानावर घातलं होतं. पेट्रोलनं धुऊन मशीनच्या पातळ तेलाचा थेंब सोडला असता तर काम भागलं असतं. साहेब म्हणाले, बघू. तेव्हापासून त्यानं मोटारीला बोट लावलं नव्हतं.

वकिलांचा पुतण्या नृसिंह तालमीतून आला. डोक्याचा गुळगुळीत गोटा, अंगाला माती. ज्ञानू गेला तर मोटार आपणच चालवू, हे त्यानं लपवलंही नाही. आण्णांनी सरनोबतला कोपर मारलं. त्यांचा गुन्हेगार सापडला होता.

वकिलांच्या पत्नी कालिंदीबाई पायरीवर उन्हात बाटली ठेवत होत्या. आण्णांनी सहज विचारलं, तेव्हा त्या हसल्या. “माक्याचं तेल. खोबरेल उकळून मी घरीच करते. सकाळी दगड होतं हो. ह्यांच्यासाठीच असतं, ह्यांच्या टेबलावरची बाटली दुसऱ्या कुणी उचलायची नाही. केस यायचे तेव्हा येतील.”

माधवराव मात्र तुटक बोलले. मोटार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दर रविवारी संध्याकाळी ते ती स्वतः पुसत आणि त्या दिवशी तिला कुणाला शिवू देत नसत. हात कधी बिघडलाच नव्हता, असं त्यांनी फौजदारांना लिहून दिलं होतं.

“मोटार आज रात्री अंगणातच राहू द्या,” सरनोबत म्हणाला. “उद्या साडेसहाला सगळे इथे या. फौजदारांनाही निरोप देतो.”

सकाळी अंगणात धुकं होतं आणि सगळे शाली गुंडाळून उभे होते. शालूबाईनं ज्ञानूचा दंड घट्ट धरला होता. सरनोबतनं बटण डावीकडे दाबलं. डावा हात बाहेर आला. मग उजवीकडे दाबलं.

कट असा आवाज झाला. हात जागचा हलला नाही.

फौजदारांनी स्वतः दोनदा दाबून पाहिलं. तेवढाच आवाज. सरनोबतनं कालिंदीबाईंकडून कढत पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि बटण दाबलेलंच ठेवून खांबाला टेकवून धरला. थोड्या वेळानं उजवा हात हळूहळू बाहेर आला.

“ज्ञानू खरं बोलला, गुंडू खरं बोलला आणि दुपारी फौजदारांनी पाहिलं तेही खरं,” सरनोबत म्हणाला. “पहाटे आत तेल गोठलेलं होतं, दुपारी ते वितळलं. मशीनचं तेल असं गोठत नाही. खोबरेल गोठतं, आणि हा डाग हिरवा आहे, म्हणजे त्यात माका आहे.”

आण्णांनी नृसिंहाच्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

“ते तेल या घरात एकच माणूस वापरतो,” सरनोबत पुढे म्हणाला. “मोटार रविवारी तोच पुसतो. हात चिकटतो हे मिस्त्रीनं त्यालाच सांगितलं होतं. अपघात सोमवारी पहाटे झाला.”

माधवरावांचा चेहरा उतरला. “मिस्त्रीकडे चार दिवस मोटार ठेवायला जीव होईना. वाटलं, थेंबभर तेलानं काम होईल. दुपारी हात चालला, तेव्हा मला खरंच वाटलं की ज्ञानूच चुकला.”

“वाटलं असेल. पण हात चिकटत होता हे तुम्ही फौजदारांना सांगितलं असतं, तर त्यांनी पहाटेच येऊन पाहिलं असतं. तेवढं एक वाक्य तुम्ही गिळलंत, आणि पंधरा वर्षं तुमच्याकडे राबलेला माणूस तुरुंगाच्या दारात उभा राहिला.”

कालिंदीबाई नवऱ्याकडे न बघता आत गेल्या. माधवराव ज्ञानूसमोर येऊन “चुकलो” म्हणाले.

“तोंडानं नगं,” शालूबाई म्हणाली. “कागदावर लिवा.”

त्यांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं. फौजदारांनी तो घडी करून खिशात घातला. परवाना सोमवारी कोर्टातच परत मिळणार होता, म्हणून गुंडूला भेटायला दवाखान्यात जाताना मोटार माधवरावांनीच चालवली. ज्ञानू शेजारी बसला, आण्णा आणि सरनोबत मागे.

गंगावेशीत उजवं वळण आलं. माधवरावांनी बटण दाबलं. कट असा आवाज झाला आणि ते वळायला लागले.

“थांबा, सायेब,” ज्ञानू म्हणाला. “आधी काच खाली घ्या.”

मागून एक सायकल येत होती. वकिलांनी काच खाली केली आणि बोचऱ्या थंडीत स्वतःचा हात बाहेर काढला. सायकलवाला निघून जाईपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला.