तिसऱ्या वळणावरची गाडी

१९९५ च्या फेब्रुवारीत आम्ही तिघांनी मिळून एक गाडी बनवली. धुळ्याला, देवपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. भामरे सरांनी प्रोजेक्टचे निम्मे गुण एका स्पर्धेवर ठेवले होते. रिमोट नाही, वायर नाही. जमिनीवरची काळी पट्टी ओळखत गाडीनं आपली आपण फेरी पूर्ण करायची. पट्टी सोडली की बाद.

मी सुकदेव, असोद्याचा. माझ्याबरोबर कौतिक होता, त्याचं एक वर्ष आधीच वाया गेलेलं, त्यामुळे हे गुण त्याला हवेच होते. तिसरी रत्नप्रभा. तिच्या वडिलांचं गल्ली नंबर पाचमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिच्याइतकं स्वच्छ सोल्डरिंग आमच्या वर्गात कुणालाच जमत नसे. मोटारी जुन्या टेपरेकॉर्डरच्या, सांगाडा खिडक्या बनवणाऱ्याकडच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, पुढे खाली दोन प्रकाश ओळखणारे डोळे. डावा डोळा काळ्यावर आला की डावी मोटार थांबायची, उजवा आला की उजवी. एवढंच तिचं डोकं.

कौतिकच्या खोलीत ती पहिल्यांदा पट्टीवरून पूर्ण फिरली तेव्हा आम्ही तिघांनी मिळून एक आख्खा डझन केळी संपवली. इतकं निर्मळ समाधान मला नंतर नोकरीतही क्वचितच मिळालं.

स्पर्धा ड्रॉइंग हॉलमध्ये होती. टेबलं भिंतीला लावून सरांनी फिकट मोझॅकच्या फरशीवर काळी चिकटपट्टी लावून घेतली होती. दुपारच्या सुटीत, एक ते दोन, सरावाची मुभा होती. पहिल्याच दिवशी आमची गाडी दोन वळणं झकास गेली. तिसरं वळण फळ्याच्या समोर होतं. तिथं तिनं पट्टी सोडली आणि खिडकीकडे सरळ चालू लागली.

यात नवल नव्हतं. सगळ्यांच्याच गाड्या पट्टी सोडायच्या. मी तिला उचलायला निघालो, तेवढ्यात ती खिडकीच्या अलीकडे थांबली. क्षणभर थांबून ती मागे आली. वळून नव्हे, तोंड खिडकीकडेच ठेवून, उलट्या चाकांनी, थेट तिसऱ्या वळणापर्यंत. तिथं जरा जास्त वेळ थांबली आणि पुन्हा खिडकीकडे निघाली.

रत्नप्रभानं माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती. आमच्या गाडीला उलटं चालता येत नव्हतं. मोटारीची दिशा बदलणारं सर्किट आम्ही बसवलंच नव्हतं.

कौतिकला वाटलं, कुठेतरी वायर चिकटली असेल. आम्ही गाडी लॅबमध्ये नेऊन सगळी उसवली. काही सापडलं नाही. लॅबच्या फरशीवर तशीच पट्टी चिकटवली. वीस फेऱ्या झाल्या, एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पुन्हा तिसऱ्या वळणावर तेच. दुसऱ्यांच्या गाड्या मात्र त्याच जागेवरून निमूट वळून जात होत्या.

मग आम्ही घाबरायचं सोडून मोजायला लागलो. जाण्याची वाट साडेएकवीस फूट, दर वेळी तेवढीच. खिडकीपाशी तीन सेकंद थांबा, फळ्यापाशी सात. रत्नप्रभानं मीटर लावून पाहिलं, तर खिडकीकडे जाताना मोटारी तिप्पट करंट ओढत होत्या. आवाजही तसाच जड यायचा, चाकं फरशीवर घसरायची. मागे येताना मीटरचा काटा जवळजवळ शून्यावर. जणू गाडी मागे येत नव्हती, तिला कुणी तरी मागे घेत होतं. मी खाली वाकून खिडकीजवळच्या फरशीला हात लावला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि फरशी ओलसर गार होती.

वहीत हे सगळं लिहिलं. कारणाचा रकाना मोकळा ठेवला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही तिला एका बाजूला वजन लावून पाहत होतो. हॉलचे शिपाई उखर्डू आबा झाडू घेऊन आले. आबांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. मुलांशी ते फारसं बोलत नसत, पण खडू संपला की न सांगता आणून ठेवत. गाडी खिडकीकडे निघाली तसे ते दारातच थांबले. ती गेली, थांबली, मागे आली. पुन्हा गेली. आबांनी झाडू भिंतीला टेकवला.

"हाई मोट शे," ते म्हणाले.

आम्हाला समजेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. ही जमीन पूर्वी त्यांच्या घरची. कॉलेजसाठी गेली, बदल्यात त्यांना इथं चिकटवून घेतलं. फळा आहे तिथं विहीर होती, आता बुजवलेली. विहिरीपासून खिडकीपर्यंत मोटेची धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्याची उतरती वाट. उतारावर ओढत गेलं की भरलेली मोट वर येते. थांबलं की पाणी पाटात पडतं. मग रिकाम्या मोटेबरोबर उलट्या पावलांनी मागे. मोट बुडून भरायला थोडा वेळ लागतो, तेवढं थांबायचं.

"सात सेकंद," कौतिक हळूच म्हणाला.

आबांनी ते ऐकलं नसावं. ते गाडीजवळ जाऊन उकिडवे बसले. ती त्यांच्या समोरून गेली, आली, गेली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गावाकडचं कुणी अचानक भेटावं आणि काय बोलावं ते सुचू नये, तसे ते दिसत होते.

गाडी फळ्याशी येऊन थांबली.

आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बस रे निंबा," ते म्हणाले. "भरनं व्हयनं."

पाणी देऊन झालं, वावर भरलं, असा त्याचा अर्थ. असोद्याला आमची बोली थोडी वेगळी, तरी तेवढं मला कळलं.

मी मनात सेकंद मोजत होतो. सात झाले. दहा झाले. वीस झाले.

मोटारी गप्प होत्या. दिवा लागलेला होता, बॅटरी भरलेली होती. गाडी जागची हलली नाही.

मग तिच्यात बारीकसा खडखड आवाज झाला. ती डावीकडे वळली, काळी पट्टी पकडली आणि चौथ्या वळणाकडे चालू लागली.

स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. पहिल्या आलेल्या गाडीहून आम्ही चार सेकंद मागे होतो, पण पट्टी एकदाही सुटली नाही. भामरे सरांनी कौतिकच्या पाठीवर थाप मारली. कौतिक एवढा हसला की त्याला ठसका लागला. रत्नप्रभाचे वडील दुकान बंद करून आले होते. ते प्रत्येकाला गाडी उलटी करून सोल्डरिंग दाखवत होते. संध्याकाळच्या आत आम्ही आबांना आग्रहानं कॅन्टीनमध्ये घेऊन गेलो आणि भजी मागवली.

आबाही खुशीत होते. बऱ्याच वर्षांनी दुपारी गाढ झोप लागली, असं म्हणाले. बशीत चहा ओतून फुंकर मारत होते. घरी आजोबांच्या तोंडून मी बैलांच्या गोष्टी ऐकत वाढलो होतो, म्हणून सहज विचारलं, की निंबा तांबडा होता की पांढरा.

आबांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते थोडंसं हसले.

"बैल नव्हतात त्या सालले," ते म्हणाले. "निंबा माना मोठा भाऊ."

बैलजोडी रोगात गेली होती. पीक जगवायचं म्हणून निंबानं लहान मोट लावली आणि मोट ओढायचा दोर, नाडा, स्वतःच्या छातीला बांधला. उखर्डू आबांचं तेव्हा नुकतं लग्न झालेलं. ते वावराच्या टोकाला वाफ्यांचं पाणी फिरवत. शेवटचा वाफा भरला की हाक मारून 'बस' म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. त्या दिवशी सकाळी ते बांधावर आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. उठले तेव्हा ऊन कललं होतं. सगळे वाफे फुटून पाणी शेजारच्या वावरात गेलं होतं, आणि पाट अजून वाहत होता. ते हाका मारत विहिरीकडे धावले. निंबा धावेवर पालथा पडला होता.

रत्नप्रभानं हातातला कप खाली ठेवला.

आबांनी बशी ओठाला लावली, चहा संपवला आणि अगदी शांतपणे उरलेलं सांगितलं.

"आंग गार पडेल व्हतं, सकायपासून. पाटमा पानी ते येतच व्हतं."