साट्यात आलेली

कंदील जरा अलीकडे घ्या, बाई. काच नवी आहे, कालच आणली. लाईट येईपर्यंत बसा. आरोही अंगणवाडीत का येत नाही ते विचारायला तुम्ही एवढा चढ चढून आलात, तर सगळं सांगते. ती आत झोपली आहे. आवाज तेवढा लहान ठेवूया.

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. स्वेटरपासून करते.

डिसेंबर संपत आला होता. माझी नणंद भाविका परदेशी जायची होती, फिनलंडला. ती मुंबईला इंजिनियरिंग शिकते. कॉलेजनं तिला एका सेमिस्टरपुरतं तिकडच्या विद्यापीठात पाठवायचं ठरवलं, जानेवारी ते मे. आमच्या वाडीतली मुलगी मुंबईच्या पलीकडे कधी गेलेली नाही. तिच्यासाठी गरम कपडे बघायला आम्ही तिघी चिपळूणला गेलो, मी, ती आणि कडेवर आरोही. दुकानदार हसायलाच लागला. "ताई, आपल्याकडे स्वेटर कोण घेतो? छत्र्या दाखवू?" शेवटी त्यानं माळ्यावरून एक लाल कानटोपी काढून दिली. भाविकानं ती झटकली आणि आरोहीच्याच डोक्यात घातली. "ही तुला गं सोन्या. माझी मी तिकडे घेईन." आरोही त्या उन्हात टोपी घालून एसटीनं अलोऱ्यापर्यंत आणि तिथून घरापर्यंत आली. घामानं भिजली, पण काढेना.

संध्याकाळी बॅग भरायला घेतली. मेतकूट, आमसुलं, तळलेली मिरची. भाविका एकेक वस्तू हातावर तोलून बघत होती, कारण वजनाची अट होती. सासूबाई उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. त्यांना तुम्ही ओळखता, धोंडूबाई. म्हणाल्या, "आन त्येंची कदी येनार?"

"कुणाची गो आई?"

"त्येंची पोर. अदलाबदल हाय म्हनालीस ना? आपली तिकडं, मग त्येंची हिकडं."

भाविका हसली. "येणार ना. माझ्या बदली एक मुलगी येणार आहे. पण आमच्या कॉलेजात, मुंबईला. आपल्या घरी नाही."

"कालेजात काय फरशीवर निजंल? साट्यात आलेली पोर घरची असते."

साटंलोटं तुम्हाला ठाऊक आहे. आपली मुलगी त्यांच्या घरी द्यायची आणि त्यांची आपल्या घरी सून करून आणायची. सासूबाईंचं लग्न तसंच झालं. त्या इथे आल्या आणि त्यांची नणंद त्यांच्या भावाला दिली. एकीला चार घास सुखाचे मिळाले की दुसरीलाही मिळायचे. एकीला रागानं माहेरी धाडलं की आठवड्यात दुसरीही बोचकं घेऊन दारात उभी. अख्खं आयुष्य त्या असं जगल्या. फिनलंड काय आणि त्यांचं माहेर आबिटगाव काय, त्यांना त्यात वेगळं काही दिसलंच नाही. भाविकानं पुन्हा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं.

निघायच्या दिवशी शिवेवर गाऱ्हाणं घातलं. वाडीतलं कोणी लांब निघालं की गुणाजी आजोबा घालतात. गाडी उभी, ड्रायव्हर घड्याळ बघतोय, भाविका मोबाईलमध्ये शूटिंग करतेय. आजोबांनी नारळ ठेवला आणि राखणदाराला हाक घातली. "बा म्हाराजा, ही लेक शिवेपार चालली, तिची राखन कर."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

ते नारळ उचलणार, एवढ्यात सासूबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. "त्या पोरीचाबी सांगा." आजोबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. वाद कोण घालणार? म्हणाले, "आन हिच्या साट्यात जी कोन येनार आसंल, तिला वाट चुकवू नको. सरळ ह्यांच्या घरात आन."

भाविका खुदकन हसली. आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." सगळ्यांचं म्हणून झाल्यावर माझ्या कडेवरनं आरोही एकटीच मोठ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा." सगळे तिला हसले. मी पण हसले.

पहिले काही दिवस भाविका रोज व्हिडिओ कॉल करायची. खिडकीबाहेर सगळं पांढरं. दुपारीच अंधार. खोली बरी होती, जेवण बेचव होतं, वर्गातली मुलं चांगली होती. एकदा तिनं बाहेर उभं राहून फोन लावला आणि बोलताना तिच्या तोंडातून धूर यायला लागला. आरोही बघतच राहिली. "आत्याच्या पोटात चूल हाय?" मग दिवसभर ती इथे अंगणात तोंड उघडून "हाऽऽ" करत फिरायची. "आई, माज्या नाय येत."

"तुला कसा येईल? तिकडे थंडी आहे," मी म्हणायचे.

सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून दुपारी एक ताट जास्त वाढत होत्या. भाविकाच्या जागी, भाविकाच्या पाटासमोर. मी विचारलं तर म्हणाल्या, "ती येईल तवा उपाशी नको." मला वाटलं, लेकीची आठवण येतेय, करू दे. जेवणं झाली की ते ताट गुरांना घालायचो.

फेब्रुवारी संपता संपता मी एकदा ते ताट उचलायला गेले. आमटीवरचं तूप गोठून पांढरं झालं होतं. बाहेर ऊन असं, की अंगणात पाय ठेववत नव्हता. माझ्या ताटातलं तूप पातळ होतं, आरोहीच्या ताटातलंही. त्याच एका ताटातलं गोठलेलं. मी बोट लावून बघितलं. वाटी थंडगार होती, आणि पाटाखालची सारवलेली जमीन ओली होती. वास आला. विहीर उपसली की तळाच्या दगडांना येतो ना, तसा.

मी ते ताट गुरांना घालून आले. कोणाला काय सांगायचं?

मग भाविकाच्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली बघितली. कोकणात तेल गोठतं ते थंडीच्या दिवसांत, तेही पहाटेचं. होळी झाली, काजू पडायला लागले, स्वैपाकघरातलं तेल पाण्यासारखं, आणि तिच्या फळीवरची बाटली पांढरीफटक. उन्हात नेऊन ठेवली की विरघळायची. फळीवर ठेवली की पुन्हा गोठायची.

आरोहीचे बाबा, म्हणजे सागर, मुंबईला असतात. त्यांना फोन केला. म्हणाले, "उन्हानं डोकं फिरलंय तुझं. इकडे ये म्हटलं असतं, पण खोलीत आम्ही सहाजण, तुला काय शिंक्यावर ठेवू?" मी पण हसले, आणि फोन ठेवल्यावर रडले.

आणि आरोही... भर दुपारी वाडी सामसूम असते. बायका बागेत, गडी कामावर. मी भांडी घासत असायचे आणि माजघरातून तिचा एकटीचा आवाज यायचा. हळू, कुणाला तरी समजावल्यासारखा. "ह्याला पाट म्हनायचा. ही वाटी. ही माजी टोपी."

मी दारात जाऊन उभी राहिले. ती पाटासमोर बसली होती. एक हात पुढे धरलेला.

"कुणाशी बोलतेस गं?"

"ताईशी."

"कुठली ताई?"

"ती बोलत नाय. तिला आपला बोलना येत नाय. मी शिकवते."

"आणि हात असा का धरलायस?"

"तिनं धरलाय. तिला माजा हात गरम लागतो."

मी धावत जाऊन तिला उचललं. तो हात बर्फासारखा होता, बाई. दुसरा हात घामेजलेला, गरम. पाटाच्या बाजूनं काहीतरी ठिबकत होतं. ओले केस पिळल्यावर ठिबकतात तसं... हळूहळू.

एप्रिलमध्ये भाविकाचा फोन आला. आवाज वेगळाच. "वहिनी, आई जवळ आहे? नको, तिला सांगू नकोस. माझ्या बदली जी मुंबईला यायची होती ना, ती आलीच नाही. मला आज कळलं. मी इथे यायच्या आधीच गेली ती. तळ्यावर चालत होती, बर्फ फुटलं. ही खोली तिचीच होती वहिनी, मी राहते ती."

मी विचारलं, "केस लांब होते का तिचे?"

"तुला कसं माहीत?"

मी फोन ठेवला. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "म्हंजे वाट चुकली नाय. आली."

"आई, ती मेलेली आहे. तिला घालवा."

"कशी घालवू? हिला हितनं काढली की तिकडं आपल्या पोरीला काढतील. साट्याचा तसाच असता."

"आणि माझी पोर?"

तेव्हा त्यांनी वर बघितलं. पण माझ्या नजरेला नजर देववेना त्यांना. "मे म्हयन्यापत्तुर कळ काढ गो. खेळतेय नुस्ती."

मुलगी माझी, नणंदही माझीच. लग्न होऊन आले तेव्हा भाविका फ्रॉकात होती, वेण्या मी घालायचे तिच्या. पण आरोहीचे ओठ आता निळसर दिसायला लागले होते. दुसऱ्या दिवशी सासूबाई काजू वेचायला गेल्या, तेव्हा मी ताट वाढलं नाही. पाट उचलून भिंतीला लावला. मोकळ्या जागेकडे बघून म्हटलं, "इथे आता जागा नाही. तू जा."

दुपारभर आरोही शहाण्यासारखी झोपली. हात गरम. मी तिच्या तळव्यांना गाल लावून बसले होते. वाटलं, सुटलो.

दिवस कलला तसा फोन वाजला. भाविका रडत होती. "वहिनी, मी तळ्याच्या काठानं चालले होते. काठानंच, आत नाही. बर्फ फुटलं. गुडघ्यापर्यंत पाण्यात... मैत्रिणींनी ओढलं म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पाय घसरला नव्हता वहिनी. पाठीवर हात होता. कुणीतरी घराबाहेर काढावं तसा..."

मी उठले. पाट मांडला. चूल पेटवून भात टाकला, अवेळी. ताट वाढलं, वर तूप घातलं. ते माझ्या डोळ्यांदेखत गोठलं. मागे आरोही उठून बसली होती. म्हणाली, "ताई आली."

त्यानंतर मी फक्त दिवस ढकलले. आरोहीला दुपारी उन्हात बसवायचे, रात्री पोटाशी धरायचे. म्हणून पाठवत नव्हते तिला तुमच्याकडे. तुम्ही हात धरला असता तर काय सांगितलं असतं?

मे संपताना भाविका आली. गोरी झाली होती, सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली होती. शिवेवर गाडी थांबवली आणि गुणाजी आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. या वेळी सासूबाईंनी आधीच पढवून ठेवलं होतं. "बा म्हाराजा, आमची लेक आमाला पावली. साटा फिटला. आता त्येंची लेक त्येंची त्येनी घेऊन जावी."

"व्हय म्हाराजा."

आरोही माझ्या कडेवर होती, डोक्यात ती लाल टोपी. ती काही बोलली नाही. अचानक गार वाऱ्याची झुळूक आली, अंगावरनं गेली, आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आरोही मोकळ्या रस्त्याकडे बघून हात हलवत होती. डोक्यात टोपी नव्हती. खाली बघितलं, गाडीखाली बघितलं, अजून सापडलेली नाही.

घरी आलो तर फळीवरचं खोबरेल पातळ झालं होतं. पाटाखालची जमीन कोरडी. सासूबाईंनी ताट वाढायचं बंद केलं. भाविका मुंबईला गेली, परीक्षेचे मार्क चांगले आले म्हणते. सगळं नीट झालं.

मला एवढंच सांगायचं आहे की आरोही आता बोलते कमी. बोलायच्या आधी माझ्या तोंडाकडे टक लावून बघते, आणि मग माझाच शब्द परत म्हणते. पाट. वाटी. आई. तुमच्याकडची गाणी तिला सगळी यायची ना? मी परवा एक म्हणून दाखवलं. ती ऐकत राहिली, नवीन असल्यासारखी.

आणि झोपली की... या उकाड्यात बाई, आपण पदरानं वारा घेतोय, आणि तिच्या तोंडातून धूर येतो. प्रत्येक श्वासाला. आधी वाटलं कंदिलाचा असेल, म्हणून नीट बघायला जवळ नेला. तापलेली काच टचकन तडकली. दुसरी आणली, तीही गेली. म्हणून म्हटलं, ही नवी आहे.

सासूबाईंना मी सांगितलेलं नाही. त्या काय म्हणतील मला माहीत आहे. भाविका सुखात आहे ना? मग तोंड मिटून ठेव.

तुम्ही तिला गेल्या वर्षापासून ओळखता. तुमच्या मांडीवर बसायची. बघून या एकदा, मी इथेच थांबते. दिवा न्या, फक्त तोंडाशी नेऊ नका. हाक मारा तिच्या नावानं. आणि काय उत्तर येतं ते मला येऊन सांगा... नाही, थांबा. सांगू नका.