पंखा पुसायची चिंधी

चव्वेचाळीस सालची गोष्ट. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर आम्ही बाया गवत कापायला जायचो. एका सकाळी उभ्या विमानाचा पंखा अचानक फिरला आणि माझा भारा उधळला. पदर काटेरी तारेत अडकून टर्रकन फाटला! पंखा थांबला, तसा तेलकट कपड्यांतला एक तरुण धावत आला.

"लागलं का कुठी?"

"लुगडं फाटलं ना माहं! डोरे फुटले का तुहे?"

तो नुसता हसला...

हा टेकचंद. आधी गोंदियाच्या राईस मिलमधला मिस्त्री, आता विमानांचे पंखे तपासायचा. मग रोज माझा विळा नेमका त्याच्याच आसपास चालू लागला. पात्याच्या कडेवरून तो हळूच नख फिरवून तडा शोधायचा. बुडाशी ग्रीस पाझरतंय का, ते वाकून बघायचा. मला कुणी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. पंख्याचासुद्धा राग यायचा मला!

त्यात ती चिंधी. बाकीच्या चिंध्या तो पुसून झालं की फेकायचा. ही एक मात्र शेवटी पात्यावरून फिरवायचा आणि घडी घालून खिशात ठेवायचा. ग्रीसने काळीकुट्ट, पण कापड बाईच्या लुगड्याचं, हे मला लांबूनही कळलं.

"कोनाची होय ते चिंधी?"

"आहे एका पोरीची," तो मिश्किलपणे म्हणाला. "पात्याले तडा असंन तं हिचा धागा अडकते. लय कामाची आहे."

"मंग तिलेच घेऊन बस!"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी नागरा गावचं स्थळ आलं होतं, दुसऱ्या दिवशी निरोप द्यायचा होता. देऊनच टाकते होकार, म्हटलं. पण ती सटवी कोण, हे तर कळायला हवं! तो पाणी प्यायला गेला तेव्हा ग्रीसच्या डब्यावर राहिलेली चिंधी मी गुपचूप उचलली.

घरी सोड्याच्या पाण्यात उकळली, दगडावर आपटली. काठ दिसला की गावातली कोण, ते मी ओळखणारच होते. काठ दिसला... हिरवा, त्यावर लाल दोऱ्याची टीप. ती टीप मीच पोळ्याच्या आधी घातली होती. तारेवर राहिलेला माझ्याच पदराचा कोपरा! हसू की रडू, कळेना.

सकाळी टेकचंद सगळे डबे उलटेपालटे करत होता.

"काय ढुंढून राहिला?"

"माही चिंधी... तिच्याबिगर पंखा पास कराले मन होत नाही."

मी बाबांचं जुनं धोतर त्याच्या हातात कोंबलं. "पंख्याले हे फिरव. माहा पदर त्याच्या अंगाले लावला तं पाहाजो!"

त्याचे कान लाल झाले. "आन्... तो तुकडा?"

तो माझ्या कमरेला होता, स्वच्छ धुतलेला. नागऱ्याला होकार कळवायला बाबा दुपारी निघणार होते.

"तो सुटा भेटत नाही," मी म्हटलं. "बाबाले येऊन माग... दुपारच्या आत."