लांबवलेला सूर

दुसऱ्याचे काही आपल्यापाशी आले आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला दोष देता येत नाही. परंतु ठाऊक झाल्यावरही जो ते थोडा वेळ ठेवून घेतो, त्याचा अपराध त्या थोड्या वेळाएवढाच मानावा की साऱ्या आयुष्याएवढा, याचा निर्णय जाणत्यांनाही सहजी करता आलेला नाही.

जॅझ वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात तो ट्रम्पेट वाजवीत असे. तरुणपणी त्याची गणना चांगल्या वादकांत होई, थोरांत नव्हे. कारण सूर ऐन रंगात आला की नेमका त्याचा दम सरे. चाळिशी उलटल्यावर मात्र तो सूर अकस्मात लांबू लागला. इतका, की समोरचे श्रोते नकळत स्वतःचा श्वास रोखून धरीत आणि अखेर हार मानून सोडीत. त्याच सुमारास त्याच्या पत्नीला धाप लागू लागली. डॉक्टरांनी छातीच्या तपासण्या केल्या, आणि फुप्फुसे निर्दोष असल्याचे काहीसे खजील होऊनच सांगितले.

शुश्रूषेसाठी त्याची थोरली बहीण येऊन राहिली होती. तिची जीभ तिखट, आणि नजर त्याहून तीक्ष्ण.

"तू घरात असलास की ही ठणठणीत," कपड्यांच्या घड्या घालता घालता ती एकदा म्हणाली. "तू तो भोंगा घेऊन बाहेर पडलास की हिचा जीव वर-खाली. लोक म्हणतील, प्रेम नुसतं उतू चाललंय!"

"वन्सं, पुरे हो," पत्नी उशीला टेकून हसली. हसू मध्येच तुटले.

तोही हसला, पण ते बोलणे त्याच्या मनात काट्यासारखे मोडून राहिले.

दुसऱ्या दिवशी बहीण बाजारात गेली असता त्याने शेजारच्या खोलीचे दार फटीएवढे उघडे ठेवले आणि हलक्या आवाजात सूर धरला. फटीतून पत्नीचा हात दिसत होता. त्या हाताने प्रथम चादरीची कड चाचपली, मग ती मुठीत आवळली. बोटांची पेरे पांढरी पडली. नखांवर निळसर छटा चढली. आणि सूर तर असा स्वच्छ, असा उंच लागला होता, की आजवर तो त्याच्या केवळ कल्पनेत होता.

त्याने तो सूर पुरा केला. मगच थांबला.

आत गेला तेव्हा पत्नी घामाने भिजली होती. ती म्हणाली, "किती सुंदर होता हो! थांबलात कशाला?"

त्या दिवसापासून त्याला तिच्या डोळ्यांत पाहवेना. तरीही ठरलेल्या रेकॉर्डिंगला त्याने नाही म्हटले नाही.

त्या सकाळी तो निघाला तेव्हा बहीण दारात आडवी उभी राहिली. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आज तिला उठून बसवतसुद्धा नाहीये रे. आजच्या दिवस राहू दे ना."

"आजचाच दिवस, ताई," तो म्हणाला, आणि तिच्या बाजूने निघून गेला.

रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंती जाड कापडाने मढवलेल्या होत्या. वृंदाचे प्रमुख पियानो वाजवीत. त्यांना सारे मास्तर म्हणत.

"तो लांबचा सूर सोडू नकोस हां," मास्तर म्हणाले. "सगळी रेकॉर्ड त्यावर उभी आहे."

"आम्ही तोवर चहा पिऊन येतो," ड्रमवाला म्हणाला. "संपला की हाक मार."

या वृंदात एक नियम धर्मासारखा पाळला जाई. ज्याची पाळी असेल त्याला कोणी तोडायचे नाही. त्याने मान वर करून खूण करेपर्यंत इतरांनी त्याच चालीभोवती फिरत राहायचे.

त्याची पाळी आली. सूर लागला. लांबला. काचेपलीकडचा तंत्रज्ञ खुर्चीतून हळूच उठून उभा राहिला.

तेव्हा त्या सुराच्या आतून त्याला कापड मुठीत आवळले जाण्याचा आवाज आला.

त्याने वाद्य ओठांपासून दूर केले, आणि छातीत होते नव्हते ते सारे बाहेर सोडले. नुसती हवा. फासळ्या आत बसल्या, तरी सोडत राहिला. अखेर सोडण्यासारखे काही उरले नाही.

पुन्हा आत घेतले नाही.

मान खालीच होती. खूण नव्हती, म्हणून कोणीच थांबले नाही. पियानो फिरत राहिला, ड्रम फिरत राहिले. प्रत्येकाला वाटले, हा आता मौन वाजवतो आहे.

पुष्कळ वेळाने त्याने मान वर केली.

"काय जागा सोडलीस रे!" मास्तर पियानोवरून उठत म्हणाले.

उत्तरादाखल त्याचे ओठ हलले, एवढेच. तो धावतच घरी निघाला.

"अरे, काय सांगू!" बहिणीने दार उघडले. "दुपारी एकाएकी उठून बसली. पोटभर जेवली. आता मलाच कामं सांगतेय."

पत्नी खिडकीशी उभी होती. गालांवर रंग होता. छाती संथ वर-खाली होत होती.

"अहो, घामाने निथळताय की! धावत आलात?" ती म्हणाली, आणि मग जराशी थबकली. "धाप कशी नाही लागली तुम्हाला?"

त्याला क्षमा मागायची होती. तिने श्वास आत घेतला; त्याचे ओठ मुकेच हलले. तिने श्वास सोडला, तेव्हा त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "मला..."

तिने पुन्हा श्वास घेतला. तो थांबला.

तिने सोडला.

"...क्षमा कर."

ती त्याच्याकडे एकटक पाहत राहिली. मग त्याचा हात हाती घेऊन ती अगदी सावकाश, मुद्दाम, लांबवर श्वास सोडू लागली. त्याला आणखी काही बोलायचे असेल म्हणून.

तो एक श्वास त्या दोघांना पुरो.