एक टेस्ट सोडून

चाळीस मिनिटं चालणाऱ्या टेस्ट सात मिनिटांत संपल्या आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ती टेस्टर, दुधाच्या पिशवीवरची तारीखही ही पोरगी दोनदा वाचते, असं आई म्हणायची. त्यात आज पाच वाजता तिच्या सहीवर औषधांचा डोस ठरवणारं सॉफ्टवेअर बाहेर जाणार होतं. काही चुकलं तर पेशंटच्या जिवाशी खेळ.

बिल्डची, म्हणजे सगळा कोड जोडून टेस्ट चालवण्याची, स्क्रिप्ट महिन्याभरापूर्वी आलेल्या नव्या इंजिनिअरने लिहिली होती. दिसायला गरीब, हसला की गालाला खळी... म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं! त्याचं म्हणणं सोपं होतं – ज्या भागाचा कोड बदललाच नाही, त्याची टेस्ट पुन्हा कशाला? मागचा निकाल जपून ठेवलाय, तोच दाखवायचा. बघूच, म्हणत तिने एका ओळीत मुद्दाम चूक घातली. त्या भागाची टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. चूक काढली, पुन्हा हिरवी. मग चरफडत तिने स्क्रिप्टच उघडली.

आणि सापडलं! सगळ्यांचे निकाल जपलेले, फक्त एका टेस्टचा नाही. ती बिचारी दर वेळी नव्याने चालत होती. आणि ती टेस्ट हिनेच लिहिलेली होती. ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली.

“माझ्याच कामावर संशय?”

त्याचे कान लाल झाले. “संशय नाही हो... ती टेस्ट सहा मिनिटं चालते.”

“मग?”

“तेवढा वेळ तुम्ही कॉफी घेऊन इथे खिडकीशी उभ्या राहता. तीही झटक्यात संपली, तर –”

तो कीबोर्डकडे बघू लागला. तिला मात्र आत्ता कुठे आठवलं, की तिच्या जागेजवळ याहून मोठी खिडकी होती.

तिने वाकून त्याच्याच कीबोर्डवर तिची टेस्ट वगळणारी ओळ खोडली आणि बिल्ड चालू केला. टेस्ट शेवटच्या वेळी पूर्ण सहा मिनिटं चालली. दोघंही स्क्रीनकडे बघत राहिले. हिरवं. दुसऱ्यांदा चालवलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत हिरवं. तिने सही केली. त्याचा चेहरा पुरता पडला होता.

“कामात लबाडी मला चालत नाही,” ती म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. “आणि इथे यायला मला टेस्ट लागत नाही. आज कॉफी तू आण.”