जाळीला बांधलेली चुनरी

पहूरच्या हितेंद्रची आणि माझी ओळख झाली, ती मी त्याच्या नव्याकोऱ्या वस्तूची वायर त्याच्या डोळ्यांदेखत कापली म्हणून.

मे महिन्यातली दुपार. जामनेरला आमचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे. तो बाहीला घाम पुसत आत आला आणि काउंटरवर एक डबी ठेवली.

"ताई, एवढं बसवून द्या. केळीची गाडी आहे माझी. इंजिनचा पंखा काढून दोन इलेक्ट्रिक पंखे टाकू राह्यलो. हा त्यांचा कंट्रोलर. ऑनलाइन मागवला."

इंजिनवरचा पंखा गरज असो नसो, फिरतच राहतो आणि डिझेल खातो. इलेक्ट्रिक पंखा रेडिएटर तापला तरच फिरतो. पण तो कधी फिरायचा, किती जोरात, हे कंट्रोलर ठरवतो. म्हणजे घाटात माणसाचा जीव त्या डबीच्या हातात!

मी डबी पंख्याला जोडली, तिचा सेन्सर चहाच्या उकळत्या पाण्यात सोडला. पंखा भर्रकन सुरू झाला. हितेंद्रनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू पंखा त्यानंच शोधून काढला होता. मी कटर उचललं आणि सेन्सरची वायर कट् करून कापली.

पंखा थांबला.

"अहो! हे काय करू राह्यल्या?"

"बघितलं? वायर तुटली की याला वाटतं इंजिन गार आहे. घाटात तुटली तर?"

"घाटात कोण कापणार? तुम्ही येणार का?"

"उंदीर पहूरलाच कुरतडेल. कळेल मात्र घाटात."

तो हसला… आणि मी चटकन खाली मान घालून तुटकी वायर गुंडाळत बसले. गुंडाळायचं तसं काही कारण नव्हतं.

मी जन्माचीच भित्री. गॅस बंद केला का, हे तीनदा बघणारी. त्यात माझे वडील, नाना… ते मूळचे धुळ्याकडचे, पूर्वी ट्रक चालवायचे. सात वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या घाटात गाडी तापली आणि नानांनी ओलं पोतं टाकून रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळत्या पाण्याचा फवारा हातावर आला. तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. आता ते खुर्चीत बसून सांगतात, वायरिंग मी करते. उघड्या झाकणाचं मला अजून स्वप्न पडतं.

चार दिवस आमची कंट्रोलरची निवड चालली. खरं तर ते काम एका दिवसाचं होतं. पण तो रोज नवी शंका घेऊन यायचा आणि मी रोज तिचं उत्तर लांबवायची.

"हा घ्या," चौथ्या दिवशी मी म्हणाले. "सेन्सरची वायर तुटली तर दोन्ही पंखे पूर्ण जोरात फिरतात. दोघांची लाइन वेगळी. एक अडकला तर त्याचाच करंट तोडतो, म्हणजे वायर जळत नाही. आणि तुमच्यासमोर लाल दिवा लावतो."

"एवढं भ्यायचं?"

"हो. एवढंच."

"बरं वाटलं," तो हळूच म्हणाला. "माझ्यापायी आजवर आईशिवाय कोणी भ्यालं नव्हतं."

माझे कान तापले. "हितेंद्रभाऊ, सही करा इथे."

"ते भाऊ तेवढं काढा ना…"

"पहिल्या दिवशी तुम्हीच मला ताई म्हणालात!"

"तेव्हा नीट पाहिलं नव्हतं."

खुर्चीतले नाना एकाएकी खोकायला लागले.

पंखे बसवले. इंजिनच्या बाजूला जागा पुरेना, म्हणून ते पुढून, जाळी आणि रेडिएटरच्या मधे लावले. पाचव्या दिवशी सकाळी गाडी निघाली. पहूरला केळी भरायची आणि दुपारी अजिंठ्याचा घाट चढायचा.

"एक शब्द द्या," मी केबिनपाशी जाऊन म्हणाले. "गाडी तापली तरी झाकणाला हात लावायचा नाही. नानांचा हात पाहिलाय ना?"

त्याचा चेहरा क्षणभर गंभीर झाला. मग डोळे परत मिश्किल झाले. "देतो की. तुम्ही भाऊ म्हणणं सोडा, मी शब्द देतो."

नुसतं हितेंद्र म्हणायचं होतं हो मला! जिभेवर होतं… पण नाना बघत होते, समोरचा पंक्चरवाला बघत होता. मी पुन्हा भ्याले.

"जपून जा, हितेंद्रभाऊ."

त्यानं चावी फिरवली. मला राहवेना. नवं काम केलेल्या गाडीला आमच्याकडे नारळ फोडतात, जाळीला हार घालतात. मी धावत आत गेले, देवीची लाल चुनरी आणली आणि जाळीला बांधली. पाच गाठी मारल्या. गाडी वळणाआड गेली तेव्हा कुठे श्वास सोडला.

अडीच वाजता मी दुसऱ्याच गाडीचा पंखा टेबलावर चालवून बघत होते. माझ्या ओढणीचं टोक हलकेच उचललं गेलं, पंख्याकडे सरकलं आणि सर्रकन आत ओढलं गेलं. मी बटण बंद केलं. ओढणी पात्यांना गच्च गुंडाळली होती.

चुनरी!

पंखे जाळीच्या लगेच मागे. बाहेरची हवा आत ओढणारे. आणि जाळीला मी स्वतः, माझ्या हातांनी, हातभर कापड बांधलेलं! उंदरापर्यंतचा विचार करणारी मी, आणि भीतीपोटी हे करून बसले होते.

फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. पंखा अडकणार, घाटात गाडी उकळणार, तो उतरणार, ओलं पोतं घेणार… आणि त्यानं शब्द दिलेला नाही. माझ्या एका 'भाऊ'पायी दिलेला नाही. मी नानांना कसंबसं सांगितलं. घाबरले की नाना अहिराणीत बोलतात.

"तू त्याले मन्हा हात दखाडा ना?" त्यांनी विचारलं.

"दाखवला. पण तो हसण्यावारी…"

"जाय बेटा. गाडी काढ."

मी स्कूटरवर कधी पहूरच्या पुढे गेले नव्हते. त्या दिवशी पहूर कधी मागे पडलं, कळलंही नाही. तोंडावर आगीसारखी झळ, शेजारून कट मारून जाणारे कंटेनर, आणि डोळ्यांसमोर सारखी नानांची न मिटणारी बोटं. फर्दापूर गेलं. घाट लागला. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरचा चेहरा मी वाचत होते. पुढे काही पाहून आला असेल का हा?

तिसऱ्या वळणावर तो ट्रक दिसला. कडेला उभा. चाकांना दगड लावलेले. पुढून पांढरी वाफ निघत होती. केबिनचं दार सताड उघडं आणि जवळपास कोणीच नाही.

मी स्कूटर तिथेच आडवी टाकली.

"हितेंद्र!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "हितेंद्र! कुठे आहेस तू?"

"इथे!"

रस्त्यापलीकडे पळसाच्या सावलीत तो बसला होता. मांडीवर चुनरीच्या चिंध्या. मी धावत जाऊन आधी त्याचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले. ग्रीस होतं, माती होती. भाजल्याची खूण कुठेच नव्हती.

"लाल दिवा लागला," तो सांगू लागला. "एक पंखा अडकला होता. दुसरा जीव तोडून फिरू राह्यला, पण बारा टन केळी आणि ही चढण… काटा वर चालला. मी गाडी बाजूला घेतली आणि कापड ओढून काढलं."

"आणि झाकण?"

"हात नाही लावला."

मला रडू फुटलं. "ती चुनरी मीच बांधली होती…"

"ते कळलं. पाच गाठी सोडवता सोडवता नाकी नऊ आले."

"शब्द तर दिला नव्हता तुम्ही…"

"दिला नव्हता." त्यानं मान खाली घातली. "पोतं ओलं केलं होतं, खोटं कशाला सांगू? झाकणापाशी गेलोही होतो. मग तुमचा चेहरा आठवला, सकाळचा. म्हटलं, हा चेहरा आपल्यामुळं अजून घाबरायला नको. म्हणून इथे लांब येऊन बसलो." मग हळूच, नेहमीसारखा डोळ्यांतून हसत, "आणि भाऊचं काय झालं? सगळ्या घाटानं ऐकलं."

मी डोळे पुसले. आता लपवायचं काय उरलं होतं?

"मला तुझ्यासाठी फार भीती वाटते," मी म्हणाले. "तू आवडतोस म्हणून वाटते. तुझी गाडी निघाली की परत येईपर्यंत वाटत राहील. रोज. चालेल तुला?"

"चालेल," तो म्हणाला. "फक्त चुनरी केबिनमध्ये बांधायची."

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझ्या फोनला कशीबशी एक काडी रेंज होती. नाना.

"झाकन उघाडं का त्यानी?"

"नाही, नाना. लांब बसून होता."

"पोऱ्या कामना शे," नाना म्हणाले. म्हणजे पोरगा कामाचा ठरला होता. "इंजिन गार व्हवू दे. घाई करू नका."

इंजिन गार व्हायला तासभर लागणार होता. आम्ही पळसाखाली बसून राहिलो. हितेंद्रनं आपला हात पुढे केला, मी त्यावर माझा ठेवला, आणि त्याची पाचही बोटं माझ्या बोटांवर अलगद मिटली.