अझैब्यातली पोटनिवडणूक

मस्कतच्या अझैबा भागातल्या त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. जिन्यात दम खायला ऑड्री थांबली, तेवढ्यात वरून कुणीतरी हसत म्हणालं, "इलेन आँटीचं मत मिळालं हं मला!"

ॲलिस्टर! मस्कतच्या वसईकर मंडळाचे सेक्रेटरी कायमचे गावी परतले होते. त्यांच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली होती आणि हा हॉटेलातला शेफ तिच्याविरुद्ध उभा होता.

"आँटी सगळ्यांनाच हो म्हणते," ऑड्री म्हणाली आणि पायरीवरच बसली. दिवसभर क्लिनिकच्या रिसेप्शनवर हसून तिचे गाल दुखत होते. आता मतांसाठी पुन्हा हसायचं…

तो दोन पायऱ्या सोडून बसला. त्याचेही डोळे झोपेने जड झाले होते.

"तुम्ही टॅक्सीने फिरता ना? माझ्या गाडीतून चला. घरं तीच, माणसं तीच."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, काय गोड भांडतात!"

तिला हसू आलं – आणि गाल दुखले नाहीत.

मग रोज संध्याकाळी दोघं एकाच गाडीतून प्रचाराला निघू लागली. एक जण घरात बोलायचा, दुसरा जिन्यात जांभया द्यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

एकदा सिग्नलला त्याने विचारलं, "एवढी थकतेस… मग उभी का राहिलीस?"

"डॅडी इथेच ओमानमध्ये, इब्री गावात वारले तेव्हा मंडळाचं कुणीच आलं नाही. हॉस्पिटल, एम्बसी, एअरपोर्ट… मी एकटीच पळत होते."

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले, तेव्हा कुठे त्याने गाडी हलवली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात उभी असताना तिला घरातून त्याचा आवाज ऐकू आला. "कुणाच्या घरी दुःख झालं तर मंडळाचा माणूस त्याच दिवशी पोचला पाहिजे. मी पोचेन."

तो बाहेर येताच ती भडकली. "माझा मुद्दा चोरलास!"

"चोरला. कुणीही निवडून आलं तरी हे व्हायलाच पाहिजे, ऑड्री." त्याने मान खाली घातली. "पण आधी तुला विचारायला हवं होतं. सॉरी."

त्या रात्री अंग मोडून आलं होतं, तरी तिला लवकर झोप लागली नाही.

शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मतदान झालं. ॲलिस्टर जिंकला. हॉलमधून बाहेर पडताना त्याने तिला गाठलं.

"खोटं नाही बोलणार. मी मत मलाच दिलं."

"मीसुद्धा," ती म्हणाली.

"म्हणजे, तू तुला?"

"नाही रे… तुला."

तो बघतच राहिला. "का?"

"दमलेय मी, ॲलिस्टर. सगळं एकटीने करून करून दमलेय. वाटलं, कुणाच्या घरी दुःख झालं की हा जाईल… आणि मलाही सोबत नेईल."

त्याने हळूच तिची पर्स आपल्या खांद्याला लावली.

"मंडळाच्या कामापुरतं," त्याने विचारलं, "की… कायमचं?"

"मत एकदा दिलं की परत घेता येतं का?"

"नाही."

"मग झालं तर," ऑड्री म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.